एचआयव्ही आणि अंगावरचं पुरळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगावर लाल पुरळ आलंय. एचआयव्ही असेल का?

नुसतं पुरळ बघून हे कोणालाच सांगता येत नाही, मुरलेल्या त्वचारोगतज्ज्ञालाही नाही. साधा विषाणूचा ताप, गोवर, डेंगी, सिफिलिस, एखाद्या औषधाची ॲलर्जी, अगदी घामोळंसुद्धा सुरुवातीला बऱ्यापैकी सारखं दिसतं. त्यामुळे रात्री दोन वाजता मोबाइलवरच्या फोटोंशी आपली छाती ताडून बघण्याने झोप तेवढी उडते, निदान होत नाही.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे. संसर्ग होण्यासारखं काही घडलं होतं का? म्हणजे निरोध न वापरता संबंध आला, किंवा इंजेक्शनची सुई दुसऱ्या कोणासोबत वापरली गेली, असं काही? घडलं असेल तर पुरळ असो वा नसो, चाचणी करायची. घडलंच नसेल तर पुरळाचं कारण बहुतेक दुसरंच निघेल, आणि तेही डॉक्टरांना दाखवूनच कळेल.

संसर्ग झाल्यावर पुरळ किती दिवसांनी येतं?

साधारण दोन ते चार आठवड्यांनी. विषाणू शरीरात झपाट्याने वाढत असतो आणि प्रतिकारशक्ती पहिल्यांदाच त्याच्याशी झुंजत असते, त्या काळात ताप येतो, घसा धरतो, मानेत आणि काखेत गाठी लागतात, अंग मोडून येतं. ताप सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत पुरळ उठतं आणि बहुतेकांचं आठवड्याभरात ओसरतं.

हे सगळ्यांना होत नाही. कित्येकांना या काळात काहीच जाणवत नाही, किंवा जाणवलं तरी फ्लू समजून ते विसरून जातात. म्हणून ‘मला पुरळ आलं नव्हतं, म्हणजे मला काही झालेलं नाही’ हा हिशेबही चुकीचाच.

ते दिसतं कसं?

छातीवर, पाठीच्या वरच्या भागावर, मानेवर आणि चेहऱ्यावर छोटे ठिपके उठतात. काही सपाट, काही किंचित उंचावलेले, आकार साधारण पाच ते दहा मिलिमीटर. दोन्ही बाजूंना सारखेच असतात. कधी तळहात-तळपायांवरही येतात. खाज सहसा नसते, असली तरी थोडी. पाण्याने भरलेले फोड किंवा अंगभर सरकणाऱ्या पित्ताच्या गांध्या हे या पुरळाचं नेहमीचं रूप नाही.

एक गोष्ट फोटोंमध्ये हमखास निसटते. बहुतेक छायाचित्रं गोऱ्या कातडीची असतात आणि त्यांत लाल रंग उठून दिसतो. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर हेच ठिपके तपकिरी, जांभळट किंवा आजूबाजूच्या त्वचेपेक्षा थोडे गडद एवढेच दिसतात. ‘लाल नाही, म्हणजे ते नाही’ असं धरून चालू नये.

पुरळासोबत तोंडात किंवा गुप्तांगावर दुखरे व्रण, ताप आणि गाठी असतील तर संशय वाढतो. डॉक्टर ठिपक्यांपेक्षा या जोडीकडे जास्त लक्ष देतात.

तळहातांवर डाग आहेत, खाज अजिबात नाही. हे एचआयव्हीचंच ना?

इथे सिफिलिसची चाचणी आधी आठवायला हवी. सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यात तळहात-तळपायांवर खाज नसलेले तांबूस डाग येतात, आणि ते काही आठवड्यांनी आपोआप जातातही. आजार मात्र आत राहतो. दोन्ही संसर्ग एकाच वाटेने येतात, पुष्कळदा जोडीनेही. म्हणून रक्त देताना दोन्ही चाचण्या मागून घ्या. सिफिलिस पेनिसिलिनने बरा होतो, त्यामुळे तो नजरेतून सुटणं ही निव्वळ हानी.

काल रात्री संबंध आला आणि आज अंगावर पुरळ आहे. काय करू?

एका दिवसात एचआयव्हीचं पुरळ येत नाही. ते तेलाचं, साबणाचं, निरोधाच्या रबराच्या ॲलर्जीचं, घामाचं किंवा मनावरच्या ताणाने उठलेलं पित्त असेल.

पण ‘एचआयव्हीचं नाही’ एवढं ऐकून सुटकेचा निःश्वास टाकू नका. संबंध धोक्याचा होता असं वाटत असेल तर घड्याळ चालू झालेलं आहे. संसर्ग रोखणाऱ्या गोळ्या, ज्यांना ‘पेप’ म्हणतात, त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. जितक्या लवकर, तितकं चांगलं. तीन आठवडे पुरळाची वाट बघत बसलेल्या माणसाच्या हातून ही संधी गेलेली असते. खरं तर या पानावरच्या सगळ्या माहितीत वेळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे.

पुरळ आहे, पण रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली. मग?

पुरळ येण्याच्या दिवसांत चाचणी निगेटिव्ह येणं सहज शक्य आहे. साध्या रॅपिड चाचण्या प्रतिपिंड, म्हणजे ॲंटिबॉडी शोधतात, आणि त्या तयार व्हायला वेळ लागतो. या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. केवळ प्रतिपिंड शोधणारी चाचणी संसर्गानंतर २३ ते ९० दिवसांत पकडते. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी, विषाणूचं पी-२४ हे प्रथिनही शोधणारी चाचणी १८ ते ४५ दिवसांत, तर विषाणूची जनुकीय सामग्री थेट शोधणारी चाचणी १० ते ३३ दिवसांत.

म्हणजे पंधराव्या-विसाव्या दिवशी ताप आणि पुरळ घेऊन गेलात, तर डॉक्टरांना संबंध कधी आला ते स्पष्ट सांगा. तारीख कळली की कोणती चाचणी आत्ता उपयोगाची आणि पुन्हा कधी यायचं, हे ते ठरवू शकतात. तारीख लपवली तर चुकीच्या दिवशी चुकीची चाचणी होते आणि हातात पडतो तो खोटा दिलासा.

‘पेप’ किंवा संसर्गाआधी घेतल्या जाणाऱ्या ‘प्रेप’च्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. त्यांच्यामुळे चाचणीत संसर्ग दिसायला उशीर होऊ शकतो.

विंडो पिरियड पूर्ण उलटल्यावर केलेली चाचणी निगेटिव्ह असेल, मधल्या काळात नवा धोका झालेला नसेल, आणि पुरळ तरीही टिकून असेल, तर एचआयव्हीचा विषय तिथे मिटला. त्वचेचं कारण दुसरीकडे शोधा. दर महिन्याला नवी चाचणी करून घेणारे लोक असतात. त्यांना चाचणीपेक्षा समुपदेशकाशी मोकळेपणी बोलण्याचा उपयोग जास्त होतो.

पुरळ आपोआप गेलं. आता काळजी नाही ना?

हे पुरळ उपचार न करताच जातं, त्यामुळे जाण्यावरून काहीच कळत नाही. संसर्ग असेल तर तो पुढे वर्षानुवर्षं काही न दाखवता चालू राहतो. शिवाय त्या सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातलं विषाणूचं प्रमाण फार चढलेलं असतं आणि दुसऱ्याला संसर्ग होण्याची शक्यताही तेव्हा खूप असते. चाचणीचा निकाल हाती येईपर्यंत निरोध वापरा.

संसर्ग जुना असेल तर त्वचेवर काय काय दिसतं?

इथे ‘एचआयव्हीचं पुरळ’ असं एक काही राहत नाही. प्रतिकारशक्ती खालावत गेली की एरवी गप्प राहणारे जंतू, बुरशी, किडे आणि ॲलर्जी डोकं वर काढतात. एकट्याने बघितला तर यातला जवळजवळ प्रत्येक आजार एचआयव्ही नसलेल्यांनाही होतो. डॉक्टरांना खटकतो तो त्याचा अवाजवीपणा. फार पसरलेला, नेहमीच्या औषधाला दाद न देणारा, पुन्हा पुन्हा उलटणारा, किंवा त्या वयात सहसा न दिसणारा.

डोक्यातला कोंडा हे साधं उदाहरण. तो भुवयांत, नाकाच्या कडेला, कानामागे, छातीवर तेलकट पिवळ्या खपल्यांसकट पसरला, शाम्पूने आठवडाभर बरा वाटून परत आला, तर चाचणी करून बघायला हरकत नसते. कोंडा असलेल्या शंभर जणांनी घाबरावं असा याचा अर्थ मुळीच नाही.

हातापायांच्या बाहेरच्या बाजूंना अतिशय खाजणारे, कडक, छोटे दाणे येणं आणि खाजवून त्यांचे काळे डाग पडणं हे सीडी-४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, २०० च्या खाली गेलेल्यांमध्ये बरंच दिसतं. हे दाणे महिनोन्महिने छळतात आणि उघड्या हातापायांवरच्या काळ्या डागांमुळे लोकांच्या नजरेतही येतात. २००४ साली युगांडातल्या रुग्णांच्या त्वचेचे नमुने तपासले तेव्हा त्यांत कीटकदंशाच्या खुणा सापडल्या. म्हणजे साध्या डास-पिसवांच्या चाव्यावरच शरीर अतिरेकी प्रतिक्रिया देत होतं. मलमांनी तात्पुरतं बरं वाटतं, खरा उतार पडतो तो एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू होऊन पेशी वाढल्यावर. तोवर मच्छरदाणी आणि अंगभर कपडे औषधाइतकेच कामाचे.

याच्यासारखंच खाजणारं, पण चेहरा, मान, छाती आणि पाठीच्या वरच्या भागावर केसांच्या मुळाशी येणारं दुसरं पुरळ असतं. ते मुरुमांसारखं दिसतं, मात्र मुरुमांना अशी खाज नसते.

खरजेचंही एक भयंकर रूप आहे. नेहमीच्या खरजेत अंगावर मोजके किडे असतात आणि खाज प्रचंड. प्रतिकारशक्ती फार कमी झाली की त्वचेवर जाड, राखाडी खपल्यांचे थर चढतात, त्यांत असंख्य किडे असतात, आणि खाज मात्र कमी किंवा नसतेच. त्यामुळे सोरायसिस समजून उपचार होतात आणि दरम्यान घरातल्या सगळ्यांना खरूज लागते. खरा सोरायसिसही एचआयव्हीत अचानक भडकू शकतो, हे निदान अवघड करणारं आणखी एक कारण. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की उलगडा होतो.

नागीण झाली. डॉक्टरांनी एचआयव्हीची चाचणी का सांगितली?

लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून बसतो आणि पुढे कधीतरी नागीण म्हणून एका पट्ट्यात बाहेर येतो. म्हातारपणी हे नेहमीचंच. पंचविशी-तिशीतल्या माणसाला झाली, दुसऱ्यांदा झाली किंवा एकापेक्षा जास्त पट्ट्यांत पसरली, तर प्रतिकारशक्ती तपासून घेणं शहाणपणाचं ठरतं. सीडी-४ बऱ्यापैकी असतानाही नागीण होऊ शकते, म्हणून बाकी काही लक्षण नसताना ती पहिली खूण ठरते. चाचणी सांगणं म्हणजे तुमच्या चारित्र्यावर बोट ठेवणं नव्हे.

नागिणीचं औषध फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तर सर्वांत जास्त लागू पडतं. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मंत्र घालून किंवा लेप लावून ‘तोंडं मिळायच्या आत’ उतरवण्यात हे तीन दिवस हमखास वाया जातात.

चेहऱ्यावर मोत्यासारखे दाणे आलेत, मधोमध खळगा आहे.

बहुधा मोलस्कम, म्हणजे त्वचेचा एक विषाणूसंसर्ग. मुलांमध्ये सर्रास असतं आणि निरुपद्रवी असतं. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर पुष्कळ किंवा फार मोठे दाणे आले तर एचआयव्हीची चाचणी करतात. सीडी-४ अगदी कमी असलेल्या व्यक्तीला असे दाणे ताप, डोकेदुखी, खोकला किंवा वजन घटण्यासोबत आले, तर मात्र जाळून टाकायची घाई नको. क्रिप्टोकॉकससारख्या काही बुरशी शरीरात खोलवर पसरल्या की त्वचेवर हुबेहूब असेच दाणे उठवतात. तो आजार जीवघेणा असतो आणि त्याची तपासणी वेगळी.

जांभळे डाग म्हणजे कॅन्सर का?

न दुखणारे, न खाजणारे, दाबल्यावरही रंग न जाणारे जांभळे-तपकिरी डाग किंवा गाठी अंगावर किंवा टाळूवर असतील तर कापोसी सार्कोमाची शक्यता बघावी लागते. १९८१ साली अमेरिकेत तरुण पुरुषांमध्ये हा दुर्मीळ कॅन्सर अचानक दिसू लागला, आणि एड्सकडे वैद्यकाचं लक्ष वेधणाऱ्या पहिल्या खुणांपैकी ती एक ठरली. त्यामागचा विषाणू, हर्पिसच्या कुळातला आठवा, १९९४ साली सापडला. निदान त्वचेचा तुकडा तपासूनच होतं. सुरुवातीच्या टप्प्यात नुसत्या एआरटीनेही डाग मागे हटतात, पुढच्या टप्प्यात केमोथेरपी लागते.

एआरटी सुरू केली आणि पुरळ आलं. गोळ्या बंद करू का?

याचं उत्तर पुरळासोबत आणखी काय आहे, यावर अवलंबून आहे.

पुढीलपैकी काहीही असेल तर फोनवर विचारत बसू नका, गोळ्यांचं पाकीट घेऊन तडक मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि तिथे दाखवेपर्यंत पुढची मात्रा घेऊ नका: ताप, तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगावर फोड वा सालपटं, त्वचा दुखणं, पाण्याचे फोड येऊन कातडी सुटणं, चेहरा सुजणं, धाप लागणं, डोळे पिवळे होणं. कातडी आणि आतलं अस्तर दोन्ही सोलली जाण्याचा स्टीव्हन्स-जॉन्सन नावाचा विकार असा सुरू होतो. तो क्वचितच होतो, पण जीव घेऊ शकतो.

यातलं काही नसेल, नुसते ठिपके आणि थोडी खाज असेल, तर स्वतःच्या मनाने गोळ्या सोडू नका. एआरटीतल्या एफाविरेन्झ या औषधाचं पुरळ बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत येतं आणि गोळ्या चालू ठेवूनच महिन्याभरात जातं, खाजेची गोळी पुरते. अचानक सोडण्यात आणखी एक खोड आहे. एफाविरेन्झ आणि नेव्हिरॅपिन ही औषधं रक्तात बरेच दिवस रेंगाळतात, सोबतची औषधं लवकर निघून जातात. मग विषाणूसमोर एकटं औषध उरतं, आणि एकट्या औषधाला तो पटकन दाद देईनासा होतो. तरीही किरकोळ वाटणारं पुरळ एक-दोन दिवसांत दाखवून घ्याच.

नेव्हिरॅपिनमुळे पुरळ येण्याचं प्रमाण जास्त, म्हणून ते पहिले १४ दिवस अर्ध्या मात्रेत देतात. या दिवसांत पुरळ आलं तर ते जाईपर्यंत मात्रा वाढवत नाहीत. पुरळासोबत यकृतालाही इजा होऊ शकते, त्यामुळे रक्ततपासणी चुकवू नये.

एआरटीतल्याच अबाकाविर या औषधाचा प्रकार निराळा. त्याच्या ॲलर्जीत पुरळासोबत ताप, उलट्या, पोटदुखी, खोकला, गळून जाणं असं सगळं येतं आणि प्रत्येक मात्रेनंतर वाढतं. बहुतेकदा पहिल्या सहा आठवड्यांत. एचएलए-बी ५७०१ हा जनुकप्रकार असणाऱ्यांना हा धोका असतो, म्हणून अनेक ठिकाणी आधी रक्त तपासूनच औषध देतात. एकदा ही ॲलर्जी झाली की अबाकाविर आयुष्यात पुन्हा घ्यायचं नाही. दुसऱ्यांदा घेतलं तर काही तासांत प्राणावर बेतू शकतं. औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा.

आणि बऱ्याचदा गुन्हेगार एआरटी नसतेच. न्यूमोनिया टाळण्यासाठी सोबत दिलेली कोट्रायमॉक्साझोलची गोळी असते. एचआयव्ही असलेल्यांना या सल्फाच्या गोळीचं पुरळ इतरांपेक्षा कितीतरी जास्त येतं, बहुधा दुसऱ्या आठवड्यात. दोन्ही एकाच वेळी सुरू झालेल्या असल्या की कोणामुळे काय झालं हे ओळखणं कठीण जातं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ पासून डोल्युटेग्राविर या औषधावर आधारलेले उपचार पहिल्या पसंतीचे ठरवले आहेत. त्याचं पुरळ क्वचित येतं, त्यामुळे हा सगळा त्रास पूर्वीपेक्षा बराच कमी झाला आहे.

गोळ्या नियमित घेतोय, सीडी-४ वाढतायत, तरी त्वचा बिघडली. औषध लागू पडत नाही का?

उलट, लागू पडतंय म्हणूनही असं होतं. पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत प्रतिकारशक्ती जागी होते आणि आधीपासून दडलेल्या जंतूंवर तुटून पडते. नागीण उठते, गुप्तांगावरची हर्पिस उलटते, केसांच्या मुळाशी येणारं खाजरं पुरळ वाढतं. एआरटी सहसा चालू ठेवतात आणि वर आलेल्या त्रासावर वेगळे उपचार करतात.

खाजेसाठी दुकानातून आणलेली मलम लावली तर?

स्टेरॉइड, ॲंटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र घातलेल्या मलमांनी दोन दिवस छान वाटतं. नायटा असेल तर तो आत पसरत राहतो आणि त्याचं रूप इतकं बदलतं की नंतर डॉक्टरांनाही पटकन ओळखू येत नाही. खरूज असेल तर तीही झाकली जाते.

रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असलेल्या एआरटीवर असाल, तर नाकात मारायचा फ्लुटिकासोनचा फवारा किंवा सांध्यात घ्यायचं ट्रायमसिनोलोनचं इंजेक्शनसुद्धा आधी विचारून घ्या. या गोळ्या ती स्टेरॉइड शरीरातून बाहेर पडू देत नाहीत, मग चेहरा सुजतो, साखर वाढते.

कोरड्या त्वचेची खाज मात्र घरच्या घरी बरीच आटोक्यात येते. कोमट पाणी, सौम्य साबण, अंग ओलसर असतानाच साधं व्हॅसलिन.

माझ्या पुरळाला हात लागून घरच्यांना एचआयव्ही होईल का?

नाही. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, कपडे एकत्र धुतल्यानेही नाही. एआरटीमुळे रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातूनही तो जोडीदाराला लागत नाही.

त्वचेचा आजार स्वतःच संसर्गजन्य असू शकतो, ती गोष्ट वेगळी. खरूज अंथरुणातून, मोलस्कम टॉवेलमधून, हर्पिस आणि सिफिलिस जखमेच्या स्पर्शातून पसरतात. नागिणीच्या फोडांतल्या पाण्यामुळे कांजिण्या न झालेल्या बाळाला किंवा गरोदर बाईला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोड झाकून ठेवा.

आईला एचआयव्ही आहे आणि बाळाच्या अंगावर पुरळ आहे.

बाळांना पुरळ येण्याची शंभर साधी कारणं असतात, त्यावरून काही ठरवू नका. आईचे प्रतिपिंड बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, म्हणून या वयात प्रतिपिंडाची चाचणी पॉझिटिव्ह आली तरी ती निर्णायक नसते. विषाणू थेट शोधणारी चाचणी लागते आणि ती पहिल्या दोन महिन्यांतच करायची असते. बाळाला नेव्हिरॅपिनचं औषध चालू असेल आणि फोड किंवा ताप दिसला तर लगेच दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना काय तयारी करू?

पुरळ ओसरण्याआधी फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, शरीराच्या कोणत्या भागाचे आहेत ते कळेल असे. ताप कधी आला, ठिपके कधी उठले, धोक्याचा संबंध कोणत्या तारखेला झाला, हे लिहून न्या, म्हणजे ऐन वेळी जीभ अडखळली तरी कागद पुढे करता येतो. गेल्या दोन महिन्यांत पोटात गेलेलं प्रत्येक औषध सांगा, त्यात वेदनाशामक गोळ्या, काढे, चूर्णं आणि जिममध्ये मिळालेल्या पावडरीही आल्या. आणि तोंड उघडून टाळू व जीभ दाखवा. जिभेवर पुसली जाणारी पांढरी साय असेल तर ती बुरशी, जिभेच्या कडेला न पुसले जाणारे पांढरे केसाळ पट्टे असतील तर ते वेगळं. डॉक्टर तोंड बघायला विसरले तर तुम्हीच आठवण करा.